मापाचा ब्लाऊज

१९ जानेवारी १९८६, रविवार

आईने आज ताईचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. मी मेथी निवडत होते, हात मातीचे. "ठेवन काय करूचा? घाल." पट्टा एक भोक आत घ्यावा लागला, बाकी ठीक.

ताई दिवाळीच्या तोंडावर गेली. कावीळ. तिची ट्रंक नाहूरहून, तिच्या सासरहून आणलीय, ती माझ्या पलंगाखाली. दुपारी आई ती ओढते, उघडते, बघते, परत सरकवते. मी वर झोपलेली असले तरी.

काही वाटलं नाही. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं.

२० जानेवारी

ऑफिस. टाइपरायटरची रिबन फाटली, तीन पत्रं परत. लता म्हणाली, "घड्याळ झकास आहे गं, नवीन?" हो म्हटलं. मला नवीनच आहे.

निळा स्वेटरही ताईचाच. मरोळला, ऑफिसच्या बाजूला, सकाळी बऱ्यापैकी गारठा असतो. स्वेटर तरी मी स्वतःहून काढला होता ट्रंकेतून. की आईने वर ठेवला होता? आठवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

नाहूर. भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर (यापुढे नुसतं भा., लिहायचा कंटाळा), गॅलरीत पेपर घेऊन बसलेले. पान उलटत नव्हते. ताईची चिमी माझ्या मांडीवरून उतरली नाही. साडेतीन वर्षांची आहे, वजन बरंच आहे.

ताईच्या आरशाच्या कडेला तिच्या टिकल्या अजून आहेत. मोठ्या, मरून. रात्री काढून तिथे लावायची, सकाळी तीच परत कपाळावर. गोंद गेला की नवी घ्यायची, जुनी तिथेच राहायची. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत रांगा आहेत. भा. कोणाला आरसा पुसू देत नाहीत. चिमीने एक नखाने काढली, जिभेने ओली केली आणि माझ्या कपाळावर दाबली. ती जेवताना वरणात पडली. मी बाजूला काढून ठेवली.

जेवणानंतर माईंनी (भा.ची आई) आतल्या खोलीत बोलावलं. आडपडदा न ठेवता बोलल्या. "वर्षाच्या आत उरकलेलं बरं. चिमीला बाहेरची कोण आणून बसवू? तू घरचीच. पाडव्यापर्यंत काय ते सांग. यंदा आमच्याकडे सण नाहीत. पण तू हो म्हणालीस तर गुढी उभारू."

मी म्हटलं, बरं. बरं म्हणजे हो नाही, नुसतं बरं.

परत येताना आईने एकदाही विचारलं नाही, माई काय म्हणाल्या. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं.

२ फेब्रुवारी

आज मोत्याच्या कुड्या. "चिमीच्योच त्या. पण ती मोठी होयसर तू घाल." कानाला जड लागतात.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा सहसा मध्ये पडत नाहीत. गिरणी सुटल्यापासून तर घरातही पाहुण्यासारखेच वावरतात. आज मला जिन्यात गाठलं. "तुका नको असात तर नको म्हण. पण तोंड उघड गे बाय." मी म्हटलं, उघडते. मग दोघं मिळून खाली जाऊन पाव घेऊन आलो.

खरं सांगायचं तर नको असंही नाही आणि हवं असंही नाही. कोणी विचारलं, चहा की कॉफी, तर मी म्हणते काहीही. तसंच काहीतरी झालंय.

१४ फेब्रुवारी

ऑफिसात साहेब म्हणाले, "हल्ली तुम्ही एकदम टापटीप दिसता." आधी कशी दिसत होते ते विचारलं नाही. मला माहीत आहे. दोन साड्या आलटूनपालटून, केसांना रबर, पायात कुठलीही चप्पल. ताई मला वैतागून म्हणायची, "सुमे, तू अंग झाकतेस. नेसत नाहीस."

तिचा एक नियम होता. अंगावर एका वेळी एकच वस्तू बोलली पाहिजे. कुड्या असल्या तर गळ्यात नुसतं मंगळसूत्र, हातात काचेच्या दोन बांगड्या. घड्याळ दिसायला हवं असेल तर त्या हातात बांगडी नाही. "सगळ्या एकदम बोलायला लागल्या की मासळी बाजार." बँकेतल्या तिच्या मैत्रिणी तिला बघून साड्या घ्यायच्या.

आज माझ्या अंगावर: तिचं घड्याळ, तिच्या कुड्या, तिचा स्वेटर, तिची पर्स. मासळी बाजारच. ती असती तर मला दारातूनच परत पाठवलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भा. चिमीला आमच्याकडे घाटकोपरला घेऊन आले. आई मुद्दाम शेजारी गेली, बाबांनाही नेलं. इतकं उघड की भा.नाही कळलं असणार. चिमी गॅलरीत कावळ्याशी बोलत होती.

ते माझ्या हाताकडे बघत होते.

"घड्याळ तू घालतेस?"

"आईने दिलं."

"पहिल्या पगारात घेतलेलं तिने. मला दाखवायला माझ्या कामावर, स्टोअरवर आली होती, भांडुपला. गेटवरच्या वॉचमनलाही दाखवलं."

मग म्हणाले, "तुला मागून बघितलं की धस्स होतं. समोरून बघितलं की आणखीनच." मी विचारलं, काढू का? ते म्हणाले, "नको. म्हणजे, तुझं तू बघ. मला काय कोणी विचारलंय?"

चहा केला. साखर विसरले. ते प्याले.

नंतर सुचलं की त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ विचारायला हवा होता.

११ मार्च

शिवरात्र झाली. ताईचा उन्हाळा शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा, मग बाहेर गारवा असो की नसो. स्वेटर डांबरगोळ्या घालून ट्रंकेत. सिल्क वर, कॉटन खाली. सोन्याला सुट्टी, फक्त मोती. आणि तिची ती छोटी घडीची छत्री, पांढरी, मामेभावाने दुबईहून आणलेली. उन्हात छत्री घेऊन स्टेशनला निघायची. चाळीतली पोरं "मेमसाब" म्हणायची. ती थांबून त्यांना छत्री उघडून दाखवायची, बटण दाबलं की फट्‌ करून उघडते ते.

आज आईने बरोबर तसंच केलं. स्वेटर आत गेला, ताईच्या कॉटनच्या साड्या बाहेर. स्टार्च करून माझ्या कपाटात लावल्या. माझ्या दोन साड्या खालच्या खणात गेल्यात. मी उभी राहून बघितलं.

छत्री मी पर्समध्ये टाकली. ऊन खरंच आहे.

२६ मार्च, धुळवड

ऑफिसला सुट्टी. नाहूर. रंग नाही, सण नाही. चिमी खालची पोरं बघत कठड्याला लटकलेली. मी तिला बादलीभर नुसतं पाणी दिलं, ती माझ्यावर ओतत बसली. माईंनी बघितलं आणि आत गेल्या. त्यांना बरं वाटलं असावं. मला पण बरं वाटलं, थोडा वेळ. साडी ताईची होती, वाळायला वेळ लागला नाही.

२९ मार्च, शनिवार

आईने पाडव्यासाठी साडी आणली. पिस्ता रंग, बारीक जरी. किंमत सांगत नाही म्हणजे जास्त असणार. ब्लाऊजपीस आणि मापाचा ब्लाऊज मास्तरांकडे देऊनसुद्धा आली. मी म्हटलं, माझं माप? म्हणाली, "दिलंय मगो." पुढे विचारलं नाही. माझी चूक ही की मी हल्ली पुढे काहीच विचारत नाही.

पाडवा येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी.

५ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

ऑफिस अर्धा दिवस. येताना मास्तरांकडून ब्लाऊज घेतला. तिथेच पडद्यामागे घालून बघितला. अगदी बरोबर. खांदा, बाही, कंबर, कुठे म्हणून सुरकुती नाही. माझा एकही ब्लाऊज आजवर असा बसलेला नाही. बाहेर येऊन म्हटलं, मास्तर, कमाल केलीत.

मास्तरांनी मापाचा ब्लाऊज पिशवीत घालायला हातात घेतला. पिवळा. ताईचा.

मी म्हटलं, हा माझा नाही. ताई तर अंगाने केवढी होती माझ्यापेक्षा. मला कसा बसेल?

मास्तर म्हणाले, "ताईंचाच आहे. पण हा मीच आत घेतलेला की. गणपतीनंतर. दोन्ही बाजूंनी घेतला, मग आठवड्याने परत आणून दिला, अजून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो बरं वाटलं की उसवायला लागेल. तर म्हणाल्या, ढगळ ब्लाऊज घालून मी बँकेत जाणार नाही."

लग्न होऊन नाहूरला गेली तरी तिने शिंपी बदलला नव्हता. आजारपणातसुद्धा इथवर आली होती, दोनदा. आमच्या घरी आली नव्हती. घाबरू म्हणून असेल.

आतल्या बाजूला शिवणीत दबलेलं कापड दिसतं. दोन बोटं आणि मग परत एक. मास्तरांनी उसवायला जागा ठेवली होती.

घरी आले. आईसमोर दोन्ही ब्लाऊज ठेवले आणि सांगितलं. आई आधी म्हणाली, बसलो ना बरोबर? मग तिला कळलं. ती खाली बसली, ओट्याला टेकून. "मी वरचो होतो तो उचललंय गो. माका काय ठावक." तेच तेच म्हणत राहिली. पिवळा ब्लाऊज उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवत होती. बाबा बाहेर उभे होते, आत आले नाहीत.

मी आईच्या शेजारी बसले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते दोघींनाही कळलं नाही. भाताचा लगदा झाला, तोच खाल्ला.

रडू आलं नाही.

६ एप्रिल, रविवार

नाहूर. आई आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. एकटीच गेले.

माईंनी पाडव्याची साफसफाई काढलेली. भांडी, पडदे, सगळं. आरसापण. रॉकेलच्या फडक्याने घासून लख्ख. एकही टिकली नाही. भा. सकाळी बाजारात गेले होते तेवढ्यात.

चिमी आरशासमोर उभी होती. मला म्हणाली, "मावशी, आईच्या टिकल्या केरात गेल्या." तक्रार नाही, नुसती माहिती दिली. मग माझा हात धरून केराच्या डब्याकडे नेलं. डबा रिकामा होता. तिने तो उलटा करून दाखवला.

आणि मला रडू फुटलं. तिथेच, मोरीजवळ, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. ताई गेली त्या दिवशी मी पाहुण्यांना पाणी देत फिरत होते, दहाव्याला भांडी मोजून परत केली होती, एकदाही रडले नव्हते. आज पाच महिन्यांनी, टिकल्यांसाठी. ताई, मला तू हवी आहेस. तुझ्या वस्तू नकोत, तू हवी आहेस.

माई आल्या, घाबरल्या. "अगं, घाण दिसत होतं म्हणून पुसलं. माझंच चुकलं." त्याही रडायला लागल्या. त्यांचंही काही चुकलेलं नाही.

भा. आले, आरसा बघितला, पिशवी खाली ठेवली. कोणावर ओरडले नाहीत. मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. चिमी खांद्यावर झोपलेली. म्हणाले, "तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण. माझ्यासाठी अडून राहू नकोस." मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात का? "आई तुमच्या आईशी बोलली. तुमची आई माझ्या आईशी. मला वाटलं तू हो म्हटलंयस."

मला वाटत होतं त्यांनी म्हटलंय.

८ एप्रिल

लताबरोबर ऑफिस सुटल्यावर अंधेरी स्टेशनजवळच्या गाडीवर गेले. टिकल्या. मरून मोठ्या होत्या. मी आधी लावायचे त्या काळ्या बारीकही होत्या. बराच वेळ दोन्ही पाकिटं हातात. गाडीवाला म्हणाला, "ताई, घ्या नाहीतर ठेवा." शेवटी हिरव्या घेतल्या, मध्यम. लता म्हणाली, "हिरव्या? ह्या कोण लावतं गं?"

माहीत नाही. मला आवडल्या. किती दिवसांनी काहीतरी आवडलं.

१० एप्रिल, गुरुवार, पाडवा

सकाळी उठले तर आई गॅलरीत काठी पुसत होती. कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, तांब्या, सगळं मांडलेलं. मग तिने ती पिस्ता साडी आणली, घडी मोडली, निऱ्या घातल्या आणि काठीला बांधली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हिका बरी दिसता. तुझी तू नेस, काय हवी ती."

छान दिसत होती गुढी. काठीला काय, काहीही नेसवा.

नवा ब्लाऊज कपाटात आहे. पिवळा आईने उशाशी घेतलाय, तो मी मागणार नाही.

कुड्या डबीत घालून आईला दिल्या, चिमीसाठी ठेव म्हटलं. घड्याळ काढलं. मनगटाला पट्ट्याचा पांढरा वण राहिलाय. खालच्या खणातून माझी जांभळी साडी काढली, इस्त्री केली. पदर तीनदा लावला, चौथ्यांदा जमला. ताईची एकच वस्तू घेतेय, छत्री. ऊन आहे आणि मला ती आवडते. कपाळाला हिरवी टिकली. आरशात बघितलं. ताईसारखी नाही दिसत. माझ्यासारखीही नाही, निदान कालच्या माझ्यासारखी नाही.

बाबांनी विचारलं, "ठरला काय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरा. कडुनिंब खाऊन जा."

माई बारापर्यंत वाट बघतील, त्यांची काठी तयार असणार, नेसवायची बाकी. चिमीसाठी टिकल्यांचं उरलेलं पाकीट घेतलंय. तिने आरशाला लावल्या तर लावू दे.

पण त्याआधी भा.ना गॅलरीत गाठायचं आहे. त्यांना अजून कोणीच विचारलेलं नाही. आधी मी विचारणार. मग त्यांनी मला विचारायचं, माई-आईला मध्ये न घेता. मग मी काय म्हणेन ते मलाही माहीत नाही.

दहा वाजले असावेत. घड्याळ नाही. निघते.