नगारा का वाजवायला लावला

बाई, उदगीरच्या शाळेत सातवीला तुम्ही आम्हाला किल्ल्याच्या वेढ्याची एक लांबलचक कविता शिकवली होती. ती यंदा मी माझ्या वर्गाला शिकवली आणि तिच्यावरून आमच्या हेडसरांशी माझं वाजलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी नायगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही होतात तेव्हा मी नांदेडला डी.एड. करत होते आणि नोकरी मात्र बँकेतच करणार, असं सगळ्यांना सांगत फिरत होते.

ती कविता तेव्हाही आमच्या पुस्तकात नव्हती. तुम्ही कुठूनशी वहीत उतरवून घेतली होती आणि रोज थोडी थोडी फळ्यावर लिहायचात. शत्रूनं किल्ला वेढलाय, आत धान्य संपत आलंय, आणि किल्लेदाराचा धाकटा भाऊ शत्रूच्या हाती सापडलाय. त्याला दरवाज्यासमोर आणून उभं करतात. तो वर बघून हाका मारतो, दादा, दार उघड. किल्लेदार बुरजावर येतो, बोलत काहीच नाही, फक्त नगारा वाजवायचा हुकूम देतो. मी ती सगळी दोन दिवसांत पाठ केली आणि हातवारे करत, कुठं श्वासही न घेता वर्गापुढं म्हणून दाखवली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही विचारलंत, ‘‘रसद म्हंजे काय गं?’’ मी बेधडक सांगितलं, ‘‘रस. उसाचा.’’ वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबलात आणि म्हणालात, ‘‘तू कविता वाचली न्हाईस. तू वाजवलीस.’’ पाण्याच्या टाकीमागं जाऊन मी रडले, आणि पुढचे काही दिवस तुमच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. अजून ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आहे. तुम्ही पदर खोचून धपाटी थापताय, तव्यावर तेल चरचरतंय, आणि मी दारात अवघडून उभी आहे. तुम्ही फळीवरचे डबे दाखवत विचारता, हे काय, ते काय. मी सांगते, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तांदूळ. मग तुम्ही उठून दाराला कडी लावता. ‘‘समज, आता हे दार उघडायचं न्हाई. घरात सात माणसं. आधी काय संपंल?’’ मी खरोखरीच हिशेब करू लागते. म्हणते, दूध. ‘‘दूध तर आजच संपलं. पुढं?’’ मग पीठ. ‘‘पीठ संपलं की?’’ कुणीतरी बाहेरून आणायचं. ‘‘आणणाऱ्याला वाटेतच धरलं तर?’’ तुम्ही कडी काढलीत आणि म्हणालात, ‘‘तो जे आणीत होता ना, ती रसद.’’ धपाटं हातावर ठेवलंत, वर दही घातलंत. आजही तो शब्द कुठं वाचला की मला आधी भूक लागते.

पण नगाऱ्याचं तुम्ही सांगितलं नाही. ‘किल्लेदारानं नगारा का वाजवायला लावला?’ हा एकच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलात. आम्ही म्हटलं, लढाई सुरू झाली म्हणून. जिंकले म्हणून. तुम्ही प्रत्येक वेळी एवढंच म्हणालात, ‘‘परत वाचा.’’ वर्ष संपलं, फळा पुसला गेला, उत्तर आलं नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीच विसरलात.

तुम्ही गेलात, लिंगैक्य झालात, ते मला आठ दिवसांनी कळलं. मी नांदेडहून आले तेव्हा तुमच्या थोरल्या बहिणीनं मला जवळ बसवून घेतलं. मी तुमच्याकडं मराठी शिकले असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तिला पाचवीपर्यंत मराठी कुठं येत होतं? घरात सगळं कानडी. काही बोलली की शाळंत पोरं हसायची.’’ मला माझा उसाचा रस आठवला. त्यानंतर दोन वर्षांनी, नवी नोकरी लागून नायगावला जाताना, एसटीच्या खिडकीशी बसल्या बसल्या मला नगाऱ्याचं उत्तर सापडलं. ज्यांना सांगायचं त्या तुम्ही नव्हतात.

आता माझा वर्ग. आमचं गाव तेलंगणाकडं तोंड करून आहे, निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. मुलं वाचतात मात्र खडाखडा. उताऱ्यावरच्या प्रश्नांची त्यांची एक युक्ती आहे: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी लिहायची. गुण मिळतात. यंदा मला शंका आली म्हणून मी एका उताऱ्यात माझ्या मनानं एक शब्द घुसडला. ‘राजाने बाजारातून झंपूर आणले.’ राजाने काय आणले? सगळ्यांनी लिहिलं, झंपूर. झंपूर म्हणजे काय, हे एकानंही विचारलं नाही. मी सगळ्या वह्यांवर बरोबरची खूण केली, कारण उत्तर बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर तुमची कविता लिहायला घेतली.

खंदक शिकवायला मला कुठं जावं लागलं नाही. नळाच्या पाइपासाठी शाळेपुढं खोल चर खणून ठेवला होता. ठेकेदाराची माणसं जेवायला बसली होती तेव्हा त्यांना विचारून निम्मा वर्ग आत उतरवला आणि निम्मा काठावर उभा केला. म्हटलं, आता यांना वर येऊ देऊ नका. चप्पल चिखलात रुतली, एकाचा गुडघा सोलला, पण खंदक कशाला खणतात ते पुन्हा सांगावं लागलं नाही. सोललेल्या गुडघ्यामुळंच हेडसरांनी मला बोलावलं. ‘‘मॅडम, पुस्तकात नसलेली कविता किती दिवस चालवून राहिलात तुम्ही? चाचणी तोंडावर आली.’’

‘‘वाचता आलं तर चाचणी देतील ना, सर.’’

‘‘वाचतात की पोरं. खडाखडा वाचतात.’’

‘‘तेच तर दुखणं आहे.’’

ते चिडले. माणूस वाईट नाही, बाई. त्यांनाही वरून विचारणा होते. म्हणाले, ‘‘निकाल खाली आला तर जाब मला द्यावा लागतो. तुम्ही येणार का द्यायला?’’ मी म्हटलं, येते, तुमच्या आधी मीच बोलते. बोलून तर गेले. पण कविता सोडली नाही. रोज तिसरा तास, चार ओळी, आणि कोपऱ्यात तुमचा प्रश्न.

उत्तरं तीच आली, जी आम्ही दिली होती. मीही म्हणत राहिले, परत वाचा. अकराव्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरात तेलुगू, वर्गात जवळजवळ मुकी, अक्षर मोत्यासारखं, आणि झंपूर तिनंही लिहिलं होतं. म्हणाली, ‘‘भावाचा आवाज ऐकू यिऊ नई म्हणून.’’

मी विचारलं, ‘‘हे कुठं लिहिलंय?’’

‘‘लिहिलं न्हाई. आमच्या घरी पप्पा वरडाया लागले की अम्मा टीव्हीचा आवाज मोठा करते. आम्हाला ऐकू यिऊ नई म्हणून.’’

मी खडू ठेवला, तिच्या बाकापाशी गेले आणि म्हटलं, तू कविता वाचलीस. ती खाली बसली. मग तिच्या शेजारची म्हणाली, ‘‘मॅडम, म्हंजे किल्लेदाराला ऐकू येत व्हतं.’’ एवढं तर मलाही सुचलं नव्हतं. मी फळ्यापाशी परत आले आणि ते वाक्य लिहिलं. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला एकटीला गाठून घरचं विचारलं. तेव्हापासून तिची आई अधूनमधून शाळेत येऊन माझ्याशी बोलते. ते इथं लिहीत नाही.

चाचणीचा निकाल फार वर गेला नाही आणि खालीही आला नाही. मुलांनी पहिल्यांदाच स्वतःच्या वाक्यांत उत्तरं लिहिली, त्यामुळं ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापले गेले. त्या मुलीचेही गेले. हेडसरांनी तिची उत्तरपत्रिका माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, बोला. ते म्हणाले, ‘‘हे तिचं तिनं लिहिलं?’’ हो म्हटल्यावर त्यांनी ती पुन्हा एकदा, सावकाश वाचली. पुढच्या वर्षी कविता दिवाळीच्या आत संपवा, एवढंच म्हणाले. मी संपवणार नाही, तेही त्यांना ठाऊक आहे. मला अजून मुलांचं झंपूर लिहिणं संपवायचं आहे, आणि नोकरीची वर्षं पुष्कळ शिल्लक आहेत.

हेडसरांनीच केंद्रप्रमुखांना सांगून नायगावच्या शिक्षण परिषदेत मला बोलायला लावलं. चाळीसेक शिक्षक होते. मी रसद सांगितली, डबे सांगितले, चर सांगितला, नगाऱ्याचा प्रश्न सांगितला. पुढच्या आठवड्यात हेच सांगायला नांदेडला बोलावलंय. तिथं मी तुमच्या नावापासून सुरुवात करणार आहे, हे ठरवलंय. पण नायगावच्या त्या खोलीतली माणसं पुन्हा एकत्र भेटायची नाहीत. म्हणून हे इथं लिहिते, जिथून ते कुणाकडंच जाणार नाही. बोलून झाल्यावर केंद्रप्रमुखांनी विचारलं, ‘‘मॅडम, ही पद्धत कुठून घेतली?’’ मी म्हटलं, ‘‘शिकवता शिकवता सुचत गेली.’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बराच वेळ चालल्या, बाई. तुमचं नाव घ्यायला तेवढा वेळ माझ्याकडं होता, आणि मी खाली बसले.