छातीतली कळ

रविवार, ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

प्रभूची कृपा तुझ्यावर असो. इकडे सगळे खुशाल आहोत. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय. ताई आणि जावई परवा येऊन गेले. नातवाला दात आलेत आणि त्यांचा पहिला प्रयोग त्यानं माझ्या बोटावर केला. तिकडे नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम कुठवर आलं? मागच्या रांगांचा फोम नीट दाबून बघ. पुढच्या रांगा सगळेच बघतात.

दुकान बरं चाललंय. डॉक्टरीणबाईंचा निळा सोफा पुन्हा आलाय, मांजरानं फाडलेला. टेम्पोवाला घाईत होता, म्हणून मीच एकट्यानं उचलून आत घेतला.

वाचताना थांबलास ना? मलाही ते लिहून झाल्यावरच कळलं. खोडणार होतो. मग म्हटलं, राहू दे. नाहीतरी हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि उगाच खुर्च्या-सोफ्यांभोवती घिरट्या घालत होतो.

धाकट्या, माझ्या छातीत कधी दुखलंच नव्हतं.

जेवताना तू म्हणालास, "बाबा, मला मठात जायचंय." तेव्हा मी किती आकांडतांडव केलं, ते तुला आठवत असेल. "देवाला सोफे शिवता येत नाहीत, मला माणूस लागतो," असंही बोललो. तुझी आई हळूच म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये वेदीपाशी उभं राहून तुम्हीच वाचता ना, की इथलं सगळं कसर खाते, खरा ठेवा वर आहे?" मी ताटावरून उठलो.

मग तुझा जायचा दिवस आला. तू बॅग घेऊन दारात, मी पायरीवर. शपथेवर सांगतो, मी ठरवून काही केलं नाही. नुसता खाली बसलो आणि हात आपोआप छातीवर गेला. तू "बाबा!" म्हणून ओरडलास आणि बॅग टाकलीस. ती बॅग पडल्याचा आवाज मला इतका गोड लागला, की मी आडवाच झालो.

डॉक्टर म्हणाले, "तपासणीत काही नाही. पण वय झालंय, जपा." घरी येऊन मी त्यातलं शेवटचं तेवढं सांगितलं.

तेव्हापासून वर्ष उलटून गेलं. तू दुकान सांभाळलंस, जड काही मला उचलू दिलं नाहीस, रात्री माझा श्वास ऐकायला दाराशी येऊन उभा राहायचास. मी डोळे मिटून पडलेला असायचो, जागा. तू "मठ" हा शब्द काढलास की मी छाती चोळायचो. पुढे पुढे तू तो काढेनासा झालास. प्लायवुडवाल्यांच्या मुलीचं स्थळ मी आणलं, तेव्हा तू म्हणालास, "तुम्ही म्हणाल तसं." मी जिंकलो होतो, धाकट्या. त्या रात्री मी दोनदा वाढून घेतलं.

काल फादर दुकानात आले होते. गुडघे टेकायची गादी फाटली होती, ती घेऊन. मी टाके घालत होतो आणि ते समोर बसून बोलत होते. म्हणाले, "तुमच्या पोरानं मठातून नाव काढायला सांगितलंय. मी विचारलं, मन बदललं का? तर म्हणाला, 'मन तेच आहे, फादर. पण माझ्यामुळे बाबांचं काही बरंवाईट झालं, तर तो स्वर्ग घेऊन मी काय करू?'"

सुई बोटात गेली. मला कळलंही नाही. फादरनीच रुमाल दिला.

'सगळं सोडून माझ्यामागे ये' म्हणून प्रभूनं बोलावलेला तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन माघारी गेला, हे मी भर चर्चमध्ये कितीदा वाचलं असेल. पण तो आपल्या पायानं माघारी गेला. त्याच्या बापानं दारात लोळण घेतल्याचं कुठं लिहिलेलं नाही. तू माझ्या जिवासाठी स्वर्ग सोडायला निघालास, आणि मी एका दुकानासाठी तुला तो सोडायला लावत होतो.

तिथंच, कापडाच्या ढिगात बसून, फादरना सगळं सांगितलं. त्यांनी गादी काखेत घेतली. मग म्हणाले, "हे निम्मं झालं. उरलेलं निम्मं त्याला सांग. नाव मी अजून काढलेलं नाही."

आज सकाळी प्लायवुडवाल्यांकडे जाऊन स्थळ मोडून आलो. ते तोंडाला येईल ते बोलले. मी ऐकून घेतलं. मग तुझ्या आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. "मला ठाऊक होतं," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही तो घरात हवाच होता की."

पदरात तोंड लपवून ती किती वेळ रडली, आणि मी नुसता शेजारी उभा.

तुला मठात काय दिसतं ते मला दिसत नाही. मला दुकान दिसतं, वरचा अर्धा बांधलेला मजला दिसतो, तुझी न जन्मलेली मुलं जिन्यावरून धावताना दिसतात. यातलं काहीच टिकणार नाही, हे मला तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ज्याला दिसतं त्यानं जावं.

म्हणून एवढंच मागतो. खुर्च्यांचं काम संपलं की घरी येऊ नकोस. तिथूनच मठाची गाडी धर. तुझे कपडे जावई आणून देतील. रागाव, वर्षभर पत्र लिहू नकोस, मी सोसेन. पण माफ करायला म्हणूनसुद्धा या दारात उभा राहू नकोस. तू समोर आलास की माझा हात पुन्हा छातीकडे जाईल. मी स्वतःला ओळखून आहे.

जा, बाळा.

तुझा ठणठणीत
बाप