फोमखालचा कागद

चाकूर
शनिवार, २१ एप्रिल २०१८

प्रिय मृण्मयी,

लातूर-नांदेड गाडीचा कंडक्टर वीरभद्र हे पार्सल तुझ्या हातात देईल. त्याच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी एकदा काढलं होतं, त्यामुळे खोकं तो मांडीवर घेऊन येईल, त्याची फिकीर नाही. तू मात्र एक कर. खोकं लगेच फोडू नकोस, आधी हे पत्र वाच. लहानपणी पुडा आला की आधी दोरा तोडायचा आणि मग कुणी दिला ते विचारायचं, ही तुझी सवय. आज एकदा आप्पाचं ऐक.

परवा फोनवर तू सांगितलंस की पीजीला सर्जरी मिळेल इतका नंबर लागलाय, पण यादीत सर्जरी टाकणार नाहीस. सोमवारी फॉर्म बंद होतो, तोवर दुसरं काहीतरी भरते, जिथं कापाकापी नाही, असं म्हणालीस. मी का म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "आप्पा, माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुम्ही तर डोळ्यांनी बघितलंय की, त्या दसऱ्याला." त्यावर मी काय बोललो? "बरं." एवढंच. तुझी आई म्हणते, जिथं बोलायचं तिथं ह्या माणसाला 'बरं' सुचतं आणि जिथं गप बसायचं तिथं सगळी बाराखडी. खरं आहे तिचं. फोन ठेवल्यापासून जेवण गोड लागेना झालंय.

गेल्या वर्षी भोकरच्या एका बाईच्या हाताला तू पहिल्यांदा एकटीनं टाके घातलेस, आठवतं? ड्युटी संपल्या संपल्या विष्णुपुरीच्या होस्टेलच्या पायऱ्यांवरून फोन केलास आणि अर्धा तास एकटीच बोलत राहिलीस. किती टाके, सुई कशी वळवली, बाई कशी हसली, सगळं. मी आईला म्हणालो, हा आवाज मी आधी एकदाच ऐकलाय. बारावीच्या वर्षी, त्या कम्प्युटरच्या पायी पोरगी वेडी झाली होती तेव्हा.

काय ते खूळ होतं! लातूरच्या क्लासला पहाटेच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी यायचं, फिजिक्सच्या गाईडमध्ये कम्प्युटरच्या मासिकाची पानं दडवायची. एक दिवस माझ्यासमोर येऊन बसलीस आणि विचारलंस, "आप्पा, तुमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या जारमधला नायट्रोजन किती थंड असतो?" मला वाटलं, चला, पोरगी एकदाची माझ्या नोकरीत लक्ष घालायला लागली. गायी-म्हशी भरवायच्या वीर्याच्या कांड्या त्यात कशा बुडवून ठेवतो, हे मी कौतुकानं सांगत बसलो, आणि तू मध्येच म्हणालीस की मला तो कम्प्युटरवर ओतायचाय. मी चहाचा कप खाली ठेवला. मग तू समजावलंस. कम्प्युटरचा मेंदू फार पळवला की तापतो, पण शून्याच्या खाली शंभर-दीडशे अंश गार ठेवला तर कुणी पळवला नसेल इतका पळवता येतो, जगभरातली पोरं त्याची स्पर्धा लावतात, आणि त्यात मराठवाड्यातलं एक नाव असायला काय हरकत आहे? मला काही हरकत सापडेना.

सरकारी जारला हात लावू देणार नाही, हे मी तेव्हाच बजावलं. म्हणून उदगीरच्या गुरुपादप्पांच्या गोठ्यावर गेलो. त्यांचा स्वतःचा जार होता. पोरीला प्रयोगाला पाहिजे म्हटल्यावर त्यांनी काही न विचारता भरून दिला, वर तुझ्यासाठी खव्याची वडी. केरबा लेथवाल्यानं ॲल्युमिनियमचं उभं भांडं करून दिलं. ते कम्प्युटरच्या मेंदूवर बसवायचं आणि त्यात नायट्रोजन ओतायचा. पण तू म्हणालीस की ओतणं सोपं आहे, खरी लढाई पाण्याशी आहे. पावसाळा संपलेला, हवेत ओल. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा त्या भांड्याभोवती, मेंदू बसतो त्या बोर्डाला घाम येणार. आणि त्यातला एक थेंब चुकीच्या जागी गेला की खेळ खल्लास.

त्या घामाशी तू महिनाभर लढलीस. आईची बिनरंगाची नेलपॉलिश घेऊन सबंध बोर्ड रंगवलास, दोन हात. मेंदू बसतो त्या खाचेभोवती आणि खाचेच्या मागच्या बाजूला व्हॅसलीन भरलंस, काडीनं, एकेका फटीत. त्यावर एसीच्या पाइपाला गुंडाळतात तो काळा फोम कापून, बोटानं दाबून. भांड्याभोवती टिश्यूचे कागद. आईनं कणकेचा गोळा लावून बघ म्हटलं, तर तू तिच्यावर केवढी खेकसलीस, आणि मग हळूच कणीक लावून बघितलीस. मी बघितलं होतं. प्रत्येक गोष्ट एका दोनशेपानी वहीत लिहीत होतीस, आकृत्यांसकट. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तू थोडा नायट्रोजन ओतून वीस मिनिटं चालवून बघितलंस. फोम उचललास तर आत टिपूसभर पाणी नाही. तू मला हात धरून ओढत नेलंस दाखवायला. म्हणालीस, आता फोम हलवायचा न्हाई, दसऱ्याला असंच चालवायचं, व्हिडिओ काढायचा.

आता थोडं मागचं सांगतो. तुला डॉक्टर करायचं माझं जे वेड होतं, त्याचं मूळ मी तुला कधी नीट सांगितलं नाही. भूकंप झाला तेव्हा मी औसा तालुक्यात होतो. सकाळी गुरांच्या दवाखान्याची पेटी सायकलला बांधून निघालो, जनावरं बघायला. गावात पोचलो तर लोक दगडांखालून माणसंच काढत होते. माणसांचा डॉक्टर दुपारपर्यंत आला नाही. मग जनावरांची सुई आणि जनावरांचा दोरा, त्यानं मी एकोणीस माणसं शिवली. एक बाई पदर दातात धरून बसली होती, हूं की चूं नाही. शिवून झाल्यावर म्हणाली, "लई उपकार, डॉक्टरसाहेब." मी डॉक्टर नाही, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस, सातवा महिना. त्या दिवशीच मी ठरवलं की आपल्या घरात एक खरा डॉक्टर पाहिजे. तुझ्या जन्माआधीच तुझं ठरवून टाकलं, बघ माझी अक्कल.

पण त्या महिन्यात तुला काडीनं व्हॅसलीन भरताना बघून माझा निश्चय ढिला झाला. आईशी बोललो. म्हटलं, सिंधु, ही पोरगी ज्यात एवढी बुडते ते तिच्याकडून काढून घ्यायचं पाप मला नको. दसऱ्याला सोनं देताना तिला सांगून टाकू, जा, कम्प्युटरला जा. आई रडली आणि "हाव, सांगा" म्हणाली. हे तुला आजपर्यंत माहीत नव्हतं.

खंडेनवमीला क्लासवाल्यांनी टेस्ट ठेवली होती, सणावाराची त्यांना कसली पर्वा. तू लातूरला गेलीस. मी दरवर्षीसारखी माझी हत्यारं काढली, कात्र्या, सुया, कांडी सोडायची बंदूक. स्पिरिटनं पुसली, पाटावर मांडली. मग वाटलं, पोरीचंही हत्यारच की ते. तिचंही पुजू या. तुझं टेबल पाटाशेजारी ओढलं. आणि फोमच्या कडेनं मला ते चिकट दिसलं. माझी नोकरी तुला ठाऊक आहे. ग्रीस लावून जनावराच्या पोटात हात घालायचा, काम झालं की हत्यार कोरडं ठक्क करायचं. ग्रीस राहिलं की धूळ बसते, धुळीनं रोग. हाताखालच्या किती जणांना मी त्यावरून शिव्या घातल्या असतील. म्हटलं, रविवारची चाचणी झाली, पुसायचं राहिलं, पोरगी दमून तशीच ठेवून गेली; 'फोम हलवायचा न्हाई' हे तुझं बोलणं पार विसरलो. फोम अलगद उचलला. कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिटनं, फटीफटीतून सगळं व्हॅसलीन काढलं. भांडं वर बसवलेलं होतं म्हणून त्याच्या बुडापर्यंत जाता आलं नाही, तर काडीला कापूस गुंडाळून तिथपर्यंत पोचलो. पाठीमागचंही सोडलं नाही. अर्धा-पाऊण तास लागला. मग फोम होता तसा दाबून बसवला, कम्प्युटरच्या लोखंडी डब्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, फूल वाहिलं. फार बरं वाटलं मला.

संध्याकाळी तू आलीस, कुंकू बघितलंस आणि माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, "आप्पा, तुम्ही माझ्या कम्प्युटरची पूजा केली?" मी तेवढ्यावरच खूश. पुसल्याचं सांगायचं मला सुचलंही नाही. ते काय सांगायचं, घर झाडल्याचं कुणी सांगतं का?

दुसऱ्या दिवशीचं तुला माहीत आहे. पडद्यावर वेगाचे आकडे चढत गेले, तू आनंदानं ओरडत होतीस, आई दारात आरतीचं ताट घेऊन उभी. आणि पडदा काळा झाला, जळका वास आला. तू फोम उचललास. खाचेभोवती पाणीच पाणी. मग म्हणालीस, "व्हॅसलीन कमी पडलं. मीच कमी भरलं." आणि स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितलेस. मला त्याच क्षणी कळलं. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते मी भूकंपात बघितलं होतं, तरी ह्या वेळी जास्त घाबरलो. तोंड उघडणार, एवढ्यात तू म्हणालीस, "जाऊ द्या आप्पा. हे मला जमणार न्हाई. मेडिकलच्या सीईटीचाच अभ्यास करते." आणि मी गप बसलो.

का गप बसलो, तेही लिहितो. मला बरं वाटलं. डॉक्टर होणार पोरगी, माझ्या तोंडून न सांगता, आपल्या मनानं. देवानंच केलं म्हटलं. आज सांगू, उद्या सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, ॲडमिशन झाल्यावर सांगू. साडेसात वर्षं झाली. मला वाटायचं, पोरगी सुखात आहे, जुनं उकरून काय करायचं. तुझ्या मनात त्या दिवशी काय बसलं ते मला परवाच्या फोनवर कळलं. दवाखान्यात तू प्रत्येक गाठ तीनतीनदा तपासतेस, सिनियर चिडवतात, हे तू हसत सांगायचीस आणि मीही हसायचो. त्या हसण्यामागं मी होतो, मृण्मयी. तुझे हात नव्हते.

काल आईला सांगितलं. आठवड्याच्या भाकरी झाल्या तरी ती थापतच राहिली, माझ्याकडे बघेना. शेवटी तवा उतरवून एवढंच म्हणाली, "माफी नंतर मागा. आधी पोरीला पटेल असं काहीतरी करा. तुमच्या नुसत्या शब्दावर ती भरवसा ठेवायची न्हाई." म्हणून काल दुपारी पुन्हा उदगीर गाठलं. गुरुपादप्पा थकलेत, पण जार अजून आहे. माळ्यावरून तुझा तो मेलेला बोर्ड काढला, भांडं काढलं, तुझी वही काढली. वहीत लिहिलंय तसंच केलं, माझी अक्कल कुठंही लावली नाही. नेलपॉलिश दोन हात, वाळायला दिलेला वेळ तू लिहिलास तेवढाच. व्हॅसलीन काडीनं, फटीफटीत. म्हाताऱ्या डोळ्यांना चष्मा लागतो, त्यामुळे तुझ्यापेक्षा ओबडधोबडच झालं असेल. मग टिश्यूचा एक कागद घडी घालून फोमखाली ठेवला, बरोबर तिथं, जिथं त्या दिवशी पाणी होतं. आज सकाळी नायट्रोजन ओतला. वीस मिनिटं नाही, पाऊण तास ओतत राहिलो. भांड्यावर बर्फाची दाढी चढली, फोम बाहेरून पांढरा झाला. सगळा बर्फ वितळेपर्यंत थांबलो आणि फोम उचलला. आई शेजारी उभी होती. तिनं आधी कागद हातात घेतला आणि मग मला पहिल्यांदा, कालपासून पहिल्यांदा, चहा विचारला.

आता खोकं फोड. वर तुझी वही आहे, खाली बोर्ड. फोम परत दाबून बसवलाय आणि तो कागद होता तिथंच परत ठेवलाय, तुझ्या हातानं निघावा म्हणून. तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. सर्जरी भर, नको भरू, आणि सगळं सोडून कम्प्युटरकडे जायचं असलं तरी जा, जे वाक्य दसऱ्याला सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं. रागावायचं असेल तर पोटभर रागाव, बोलू नकोस महिनाभर, मी दर रविवारी फोन करून नुसती घंटी वाजू देईन. फक्त तुझ्या हातावर आळ ठेवून काही ठरवू नकोस. त्यासाठीच हे सगळं लिहिलं. सोमवारी फॉर्म भरायच्या आधी फोम उचल आणि कागद बोटांनी चाचपून बघ, बाळ. कोरडा आहे.

तुझाच, तुला तोंड दाखवायला भिणारा,
आप्पा