दोन गाठींची गुंडी

माय,

तुझा गुंड्यांचा डबा तू गेल्यापासून माझ्याकडेच आहे. तुझ्या सुनेचं म्हणणं, बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया पुसदला येतात, आरसे आणि कवड्यांसोबत गुंड्याही आपल्या चोळीवर, काचळीवर टाचतात, त्यांना देऊन मोकळे व्हा. पटण्यासारखं आहे. पण काही द्यायचं तर नीट करून द्यावं, ही माझी सवय तुला माहीत आहे. तू मला चौथीपर्यंत शिकवलंस. घड्याळाचं काम मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो, आणि त्यातली पहिली गोष्ट ही की यंत्र खोललं की आधी धुवायचं, मग बघायचं. मळलेल्या चाकाचा दोष दिसत नाही.

म्हणून दिवाळीआधी मी डबा ओतला. शिंपल्याच्या, पितळेच्या, शिंगाच्या, काचेच्या, कुठे कुठे हल्लीच्या प्लास्टिकच्या. बहुतेकांच्या भोकांत जुना दोरा अडकलेला. तो चिमट्यानं ओढून काढला, गुंड्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या, पितळेला चिंच लावली, भोकं आणि जिन्नस पाहून बाटल्यांत भरल्या. दुकानातल्या फळीवर इतक्या सुरेख दिसत होत्या की गिऱ्हाइकं विचारायची.

माघात ताई नेरहून आली. तिच्या मोठ्याचं लग्न ठरलं होतं. तिला बाबांची गुंडी हवी होती, नवरदेवाच्या कोटात आतून लावायला. ही रीत तुझीच. माणूस गेलं की त्याचे कपडे द्यायचे, पण गुंड्या कापून ठेवायच्या, आणि घरात लग्न निघालं की गेलेल्या आजोबाची एक गुंडी नवरदेवाच्या छातीपाशी, कोणाला दिसणार नाही अशी टाचायची. माझ्या वेळी आबाजींची गुंडी घेऊन तू चुलीपाशीच मला उभं केलंस. मी कुरकुरतो आहे की कोट फुगतो, शिवण बिघडते. तू दातानं दोरा तोडतेस आणि म्हणतेस, "चाल आता, बुढा बी आला तुह्या वरातीत." हाताला फोडणीचा वास. तो कोट मी नंतर विकला नाही, एवढं सांगतो.

ताईनं बाटल्या पाहिल्या. आधी हसली, म्हणाली दवाखाना काढला का भाऊनं. मग एक बाटली हातात घेऊन उलटीसुलटी केली. "दोरे कुठी गेले?"

मी म्हटलं, मळ होता, काढला.

ती खाली बसली. मग हळूहळू सांगितलं तिनं. काळा दोरा, दोन गाठी, त्या बाबांच्या. पांढऱ्याची एक गाठ आबाजींची. लाल दोऱ्याची एकच बारकी गुंडी, तुझ्या त्या लहानग्याची, जो रांगायच्या आधीच गेला. तू हे तिला सांगितलं होतंस, कारण सुई तिच्या हातात होती. मला कुणी सांगितलं नाही, कारण मला सुई दिली नाही. आणि ताईलाही नुसत्या गाठीच ठाऊक होत्या. गुंडी पाहून ओळखायची तिला गरजच पडली नव्हती.

आम्ही दोघं दुपारभर बसलो. बाबांच्या सदऱ्याची होती शिंपल्याची, असं ती म्हणते. मला शिंगाची आठवते. शेवटी मी शिंपल्याची, चार भोकांची, एका कडेला टवका गेलेली एक गुंडी उचलली आणि म्हटलं, ही.

"तुले पक्कं माहीत हाय ना, भाऊ?"

"मी कधी अंदाजानं बोलतो का?"

तिनं ती पदराच्या टोकाला बांधली. लग्नात भाचा हार घालायला वाकला तेव्हा कोट छातीशी जरा फुगला, आणि ताई माझ्याकडे पाहून डोळे पुसत होती. मी फेटा सारखा करत राहिलो.

आता फळीवर बाटल्या तशाच आहेत. तांड्यावरच्या बायांना देता येत नाहीत, कारण त्यांत बाबा आहेत, ते पोर आहे. ठेवून तरी काय, कोणत्या ते सांगता येत नाही. भिंग लावून मी प्रत्येक गुंडीची झीज पाहिली. कोणतं शिंपलं, कोणतं शिंग, कोणती साच्यातली, कोणती हातानं कोरलेली, सगळं सांगतो. माणूस सांगता येत नाही. बंद पडलेलं घड्याळ मी चालू करून दिलं नाही असं क्वचित झालं असेल. यात करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आणि मग परवा लक्षात आलं, की त्या डब्यात तुझी एकही गुंडी नव्हती. तू जन्मभर पुढे गाठ मारायची चोळी घातलीस. तुझं असं त्यात काही होतं तर त्या गाठीच. त्या मी चिमट्यानं काढून शेगडीत टाकल्या.

तुझ्या सुनेला वाटतं मी पत्र ताईला लिहितो आहे. हे कुठे जायचं नाही, रिकाम्या डब्यात घालून ठेवणार आहे. सोबत एक शिंपल्याची गुंडी आहे, काळ्या दोऱ्याची. कालपासून बसलोय माय, दुसरी गाठ पहिलीवर बसत नाही. मला जमत नाही.