दोन्ही स्पीकर एकसारखे

३० मार्च, गुढीपाडवा. संकल्प.
सासरे आबाजी पुढच्या रविवारी खालापूरहून राहायला येणार. माथेरानच्या हॉटेलात नोकरीला असताना पैसे साठवून घेतलेले सागवानी स्पीकर त्यांनी लग्नात छायाला दिले. त्यातला खिडकीजवळचा उन्हाने पार फिका पडलाय. दुसरा अजून चॉकलेटी. रविवारपर्यंत दोन्ही एकसारखे करणार. छाया म्हणाली, नागू सुताराला बोलवू. म्हटलं, रसायनीच्या प्लांटमध्ये तीस वर्षं केमिकल्स हाताळली, लाकडाचं काय घेऊन बसलीस?

३१ मार्च, सकाळी ९.
व्हिडिओ पाहिला. धूळ पुसा, हलक्या हाताने पॉलिशपेपर, मग थोडं तेल. अर्धाच पाहिला. पुढचं अनुभवी माणसाला कळतं.

सायं. ६. फिक्याला तेल लावलं. लाकूड प्यायलं. आणखी लावलं.

१ एप्रिल.
फिका आता दुसऱ्यापेक्षा काळा. तेलात भेसळ असणार.

२ एप्रिल.
शेजारच्या हरेशकडून घासायचं मशीन आणलं. दहा मिनिटं सुंदर रंग. अकराव्या मिनिटाला आतून भुशाची फळी दिसली. म्हणजे सागवान नुसता वर चिकटवलेला, कागदाएवढा पापुद्रा. आबाजींना दुकानदाराने फसवलं. त्यांना सांगणार नाही. या वयात धक्का नको.

३ एप्रिल.
भोकाला बुटाचं पॉलिश. लांबून कळत नाही. छाया जवळून बघते, ही तिची जुनी सवय.

४ एप्रिल.
दुसरा स्पीकर फिका व्हावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी पापुद्रा पापडासारखा फुगला. खाली बसवायला इस्त्री फिरवली. तेवढ्यात फोन आला. इस्त्रीचा त्रिकोण उमटलाय, पण रेषा सरळ आहेत.

५ एप्रिल.
आता कुठलाच दुसऱ्यापेक्षा बरा नाही. उद्दिष्ट साधलं. छाया दिवसभर बोलली नाही. थकली असेल.

६ एप्रिल, रविवार.
आबाजी आले. छायाने त्यांच्या आवडीचं भजन लावलं. डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "आवाज हाय तसाच हाय." मी सुटलो.

मग त्यांनी स्पीकरवरून हात फिरवला. त्रिकोणापाशी थांबला. म्हटलं, आबाजी, वाईट वाटून घेऊ नका, आत भुसा आहे. ते म्हणाले, "ठावं हाय. वरचा पापुद्रा पातळ हाय, म्हणून तर मी नुसतं सुक्या फडक्यानं पुसायचो."

जरा वेळाने त्यांनी छायाला विचारलं, "कोणाला दिलं व्हतंस गं दुरुस्तीला?"

मी पटकन म्हणालो, कर्जतचा एक कारागीर आहे.

"त्याला परत घरात घेऊ नको, पोरी."

छाया चहा गाळत होती. म्हणाली, "काय करू आबा, तो इथंच ऱ्हातो."

आबाजी माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. चहा मला सगळ्यात शेवटी मिळाला.