ओठ नसलेलं फूल

बाई, तुम्ही दिलेली आमरी, आपलं रानातलं ऑर्किड, परवा सोसायटीच्या लोकांनी आंब्यावरून खरवडून काढली. कार्यक्रमासाठी अंगण साफ करायचं होतं म्हणे. मी खाली पोहोचले तेव्हा जेवणं उरकली होती आणि ती गटाराच्या कडेला उष्ट्या पत्रावळींखाली पडली होती, मुळांवरून आमटी ओघळत होती. किळस आली. सेक्रेटरी अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, बांडगूळ हाय ते. झाड वाळवतंय की." फाटकावर त्यानेच जांभळ्या प्लास्टिकच्या ऑर्किडच्या माळा लावल्यात, धुळीने चिकट झालेल्या. जवळ जाऊन पाहिलं. पाचही पाकळ्या सारख्या. ओठच नाही.

तो ओठ मला तुम्ही दाखवलात. मीही वर्गात तिला बांडगूळच म्हणाले होते आणि तुम्ही तास संपेपर्यंत मला उभं ठेवलंत. संध्याकाळी घरी बोलावलंत. तुम्ही भाकरी थापताय, मी ओट्याशी उभी, ताटलीत ते फूल. तपकिरी चौकटींची नक्षी असलेल्या पाकळ्या आणि खाली एकच निराळी, निळसर. पिठाच्या बोटाने तुम्ही ती दाखवता. हा ओठ. यावरून कूळ ओळखायचं, ऑर्किडेसी. प्रजाती वान्डा. नक्षी फरशीसारखी, म्हणून जात टेसेलाटा. मग मान वर न करता म्हणता, "ती झाडावर राहते, झाडाचं खात नाही. भाडेकरू आणि चोर यांतला फरक आधी शीक, वनस्पतिशास्त्र मग." कॉलेज संपलं तेव्हा तिचाच तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलात. तुमच्यामागे माझ्याकडे तेवढंच काही जिवंत उरलं होतं.

सेक्रेटरीला मी चारचौघांत बांडगूळ म्हणाले. घरी आल्यावर वाटलं, हे वर्गीकरण चुकलं. बांडगुळाला निदान स्वतःची हिरवी पानं असतात, थोडंफार तरी ते स्वतःचं स्वतः शिजवून खातं. माफी मात्र मागितली नाही, मागणारही नाही.

आमरी धुऊन, नारळाच्या सोडणाला बांधून खिडकीच्या गजाला टांगलीय. मुळाचं टोक हिरवं दिसलं की जगली समजायचं, असं तुम्ही सांगायचात. रोज सकाळी चष्मा लावून पाहते. अजून नाही. शेजारणीने नाव विचारलं तर कूळ, प्रजाती, जात, सगळं नीट सांगते. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते: पाणी मारताना मी तिला 'बाई' म्हणते. तुम्ही ऐकलं असतंत तर पुन्हा तासभर उभं केलं असतंत.