सत्त्याण्णववर थांबवलेला डाव

प्रिय विल्फ्रेड,

पाच हंगाम आपण काउंटीच्या एकाच संघात खेळलो, पण मी तुला कायम आडनावानेच हाक मारली. आम्ही हौशी खेळाडू मधल्या फाटकातून मैदानात उतरायचो, तुम्ही पगारी बाजूच्या. तसा रिवाजच होता.

काल कप्तानपद सोडलं. गुडघे संपले आता. निरोपाच्या जेवणात सगळे माझ्याबद्दल गोड गोड बोलले. मला मात्र तो मंगळवार आठवत राहिला. तू सत्त्याण्णववर खेळत होतास आणि मी सज्जातून हात हलवून डाव घोषित केला.

"तीनच धावा राहिल्या होत्या, साहेब," पॅड सोडता सोडता तू म्हणालास. "चहा काय पळून चालला होता?"

"आधी संघ, एन्टविसल," मी म्हटलं.

खोटं होतं ते. कसलीच घाई नव्हती. तुझं शतक झालं की काउंटीची टोपी मी सर्वांसमोर तुझ्या डोक्यावर ठेवायची, असं समितीने ठरवलं होतं. ती टोपी म्हणजे संघात कायमची जागा. माझ्या कोटाच्या खिशातच होती. पण कप्तान असून माझ्या नावावर एकही शतक नव्हतं, आणि तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला माझे हात उठेनात. त्याच हिवाळ्यात तू सूतगिरणीत परत गेलास.

आज ती टोपी कपाटातून काढली. तुला पाठवायचं धाडस होत नाही, म्हणून आरशासमोर स्वतःच घालून पाहिली. तुझ्या मापाने शिवलेली. माझ्या पार डोळ्यांवर आली.

आता साहेब म्हणू नकोस.

तुझा,
ऑब्रे थॅकवेल